वाकलेल्या बोटासाठी कोलॅजिनेजचं इंजेक्शन: निर्णयापासून रात्रीच्या स्प्लिंटपर्यंत

साठीच्या आसपासच्या माणसाची करंगळी किंवा अनामिका हळूहळू तळहाताकडे झुकायला लागते. दुखत नाही, सुजत नाही, म्हणून दोन-चार वर्षं कुणी लक्षही देत नाही. मग तोंड धुताना तेच बोट डोळ्यात जातं, पँटच्या खिशात हात अडकतो, थंडीत हातमोजा चढत नाही, आणि एक दिवस घरातलंच कुणीतरी डॉक्टरांची वेळ घेऊन टाकतं. अमेरिकेत अशा वेळी हाताचे सर्जन तीन रस्ते सांगतात: बोटाला खाली ओढणारी, तळहाताच्या कातडीखालची दोरी सुईने तोडणं, शस्त्रक्रिया, किंवा 'झायफ्लेक्स' नावाचं कोलॅजिनेज या एन्झाइमचं इंजेक्शन.

मी इथे अमेरिकेत हँड थेरपी करते. इंजेक्शन मी देत नाही, ते सर्जनचं काम. पण बोट सरळ झालं की पेशंट स्प्लिंटसाठी, म्हणजे बोट सरळ धरून ठेवणाऱ्या कडक पट्टीसाठी, माझ्यासमोर येऊन बसतात, त्यामुळे या उपचाराचा सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत दुर्लक्षित भाग मला जवळून दिसतो. मराठी मंडळींचे फोन मात्र बहुधा आधीच्या टप्प्यावर येतात: "बाबांना सुचवलंय, घ्यावं का?" याचं उत्तर बोट कोणत्या सांध्यात वाकलंय यावर निम्मं अवलंबून असतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी हा तोच आजार आहे का ते बघा

या आजाराचं नाव ड्युप्युट्रेन्स कॉन्ट्रॅक्चर. गियोम ड्युप्युट्रेन या फ्रेंच सर्जनने १८३१ मध्ये पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयात त्यावर शस्त्रक्रिया केली आणि व्याख्यान दिलं, तेव्हापासून त्याचं नाव चिकटलं. तळहाताच्या कातडीखाली एक चिवट पातळ पडदा असतो. त्यात कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन साचत जातं, आधी वाटाण्याएवढी गाठ येते, मग तिची दोरी बनते, आणि दोरी आकसली की बोट खाली ओढलं जातं. बोट हलवणारा स्नायूबंध या दोरीच्या खाली असतो आणि तो ठणठणीत असतो. आपल्याकडे 'नस आखडली' म्हणून महिनोन् महिने तेल लावून मालिश चालते. मालिशने ही दोरी विरघळत नाही, आणि जोर लावून बोट मागे ताणण्यानेही काही साधत नाही.

उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये हा आजार खूप आढळतो, घराण्यात चालत येतो, आणि बायकांपेक्षा पुरुषांना जास्त होतो. मार्गारेट थॅचर यांची १९८६ मध्ये याच्यासाठी शस्त्रक्रिया झाली होती आणि रोनाल्ड रेगन यांची जानेवारी १९८९ मध्ये, अध्यक्षपदाच्या अगदी शेवटच्या दिवसांत. भारतीयांमध्ये तो त्यामानाने कमी. पण मधुमेहाशी त्याचं नातं आहे, आणि मधुमेह आपल्या घरांत किती आहे हे सांगायला नको. दारू, धूम्रपान आणि फिट्सवरच्या काही जुन्या औषधांशीही संबंध जोडला गेला आहे.

आजार आपल्याकडे कमी, म्हणूनच दुसरंच काहीतरी असण्याची शक्यता जास्त. बोट वाकलेलं दिसलं की पुढच्या चार गोष्टी आधी बाजूला काढा.

पहिली, ट्रिगर फिंगर. मधुमेहींमध्ये ही फार दिसते. बोट मिटलं की अडकतं आणि दुसऱ्या हाताने सोडवलं की 'टक्' करून उघडतं. सकाळी त्रास जास्त. ड्युप्युट्रेनमध्ये बोट असं कधी अडकत, कधी सुटत नाही. ते जिथवर उघडतं तिथवरच उघडतं, सकाळी तेवढं आणि रात्रीही तेवढंच.

दुसरी, जुन्या मधुमेहात सगळ्याच बोटांचे सांधे ताठर होतात. नमस्कार केला तर तळवे आणि बोटं एकमेकांना सपाट टेकत नाहीत, मधे फट राहते. पण तळहातात दोरी हाताला लागत नाही.

तिसरी गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण ती इथल्या डॉक्टरांच्या डोक्यात पटकन येत नाही. करंगळी आणि अनामिका वाकलेली आहे आणि त्याच बाजूला हाताला बधिरपणा आहे, चटका लागला तरी कळत नाही, किंवा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं मांस खपाटीला गेलंय, तर हा कोपरामागून जाणाऱ्या अल्नर नर्व्हचा प्रश्न असू शकतो. ही नर्व्ह कोपराजवळ दबल्यानेही असं होतं आणि कुष्ठरोगातही होतं. भारतातून आलेल्या माणसाच्या बाबतीत ही शंका डॉक्टरांना बोलून दाखवायला संकोचू नका. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो, उशीर मात्र नर्व्हला महागात पडतो.

चौथी म्हणजे जुनी दुखापत. तरुणपणी क्रिकेटचा चेंडू बोटावर बसला होता आणि तेव्हापासूनच बोट वाकडं आहे, असं असेल तर इंजेक्शनचा काही उपयोग नाही. एन्झाइमला तोडायला दोरी लागते. ती बोटांनी चाचपून लागली पाहिजे. दोरी नाही, नुसती गाठ आहे आणि बोट सरळ होतंय, तरीही इंजेक्शन घेण्याची वेळ आलेली नाही.

टेबलावर हात ठेवा

घरच्या घरी करायची एकच चाचणी पुरते, ती ह्यूस्टन या ऑस्ट्रेलियन सर्जनच्या नावाने ओळखली जाते. टेबलावर तळहात पालथा, सपाट ठेवा. तळवा आणि सगळी बोटं एकाच वेळी टेकली तर अजून थांबायला हरकत नाही. खालून पेन्सिल सरकेल एवढी फट राहिली तर हाताच्या सर्जनकडे जायची वेळ झाली. दर तीन-चार महिन्यांनी याच स्थितीत बाजूने मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वाकणं वाढतंय की आहे तिथेच आहे, हे सांगायला आठवणीपेक्षा फोटो बरा, आणि डॉक्टरही तो मागून घेतात.

आता सांध्यांचं. बोट तळहाताला जिथे जोडलं जातं, मूठ वळल्यावर जिथे मोठं टेंगूळ वर येतं, तो पहिला सांधा. त्याच्या पुढचा, बोटाच्या मधला, तो दुसरा. दोघांचं नशीब फार वेगळं. २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये या औषधाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ३०८ पेशंट होते. पहिल्या सांध्याच्या वाकण्यात औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ७७ टक्के सांधे जवळजवळ पूर्ण सरळ झाले, म्हणजे वाकणं पाच अंशांच्या आत आलं. मधल्या सांध्यात हाच आकडा ४० टक्के. तुलनेसाठी खोटं औषध टोचलेल्यांत दोन्हीकडे सहा-सात टक्के.

त्यामुळे सर्जनला विचारायचा पहिला प्रश्न: "माझं वाकणं कोणत्या सांध्यात आहे आणि किती अंशांचं?" ते छोट्या कोनमापकाने मोजतात, दोन मिनिटांचं काम. आकडा कागदावर लिहून घ्या. पहिल्या सांध्यात तीस अंशांच्या पुढे गेलं की साधारणपणे उपचाराचा विचार होतो. मधल्या सांध्याबाबत मात्र फार वाट बघू नये असंच बहुतेक सर्जन सांगतात, कारण तिथे दोरीबरोबर सांध्याचं आवरणही आकसत जातं, आणि एन्झाइम आवरण मोकळं करत नाही.

औषध काय करतं

क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम नावाचा जिवाणू मांस पचवण्यासाठी कोलॅजिनेज एन्झाइम तयार करतो. झायफ्लेक्समध्ये अशी दोन शुद्ध एन्झाइम्स असतात, जिवाणू नसतो. दोरी मुख्यतः पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजनची. एन्झाइम ते तोडतं. रक्तवाहिन्या आणि नर्व्हच्या आवरणात चौथ्या प्रकारचं कोलॅजन असतं, त्याला ते फारसं धक्का लावत नाही. म्हणून हा खेळ शक्य होतो. स्नायूबंध मात्र पहिल्याच प्रकारच्या कोलॅजनचा आहे. सुई जरा खोल गेली, तर एन्झाइमला दोरी आणि स्नायूबंध यातला फरक कळत नाही. या उपचारातला खरा धोका तोच, आणि म्हणून कोण टोचतंय याला महत्त्व.

न्यूयॉर्कजवळच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात मेरी बॅडालमेंटे आणि लॉरेन्स हर्स्ट यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, औषधाला मंजुरी दिली. युरोपात ते 'झायापेक्स' नावाने आलं आणि २०२० मध्ये तिथल्या बाजारातून काढून घेतलं गेलं, कारण धंद्याचं होतं, सुरक्षिततेचं नव्हे. लंडनच्या चुलतभावाने "आमच्याकडे हे बंद झालं" असं सांगितलं तर घाबरायचं कारण नाही, पण त्याच्याकडे आज हा पर्याय नाही हेही खरं.

इंजेक्शन, सुई की शस्त्रक्रिया

सुईच्या उपचारात बधिर करून, साध्या सुईच्या टोकाने दोरी ठिकठिकाणी कापतात आणि बोट लगेच सरळ करतात. एकाच भेटीत काम होतं, स्वस्त पडतं. शस्त्रक्रियेत रोगट पडदा कापून काढतात. जखम भरायला आठवडे लागतात, थेरपी लांब चालते, पण परिणाम जास्त टिकतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडच्या चाचणीत तिन्ही उपचारांची तुलना केली होती. तीन महिन्यांनी तिघांचे निकाल जवळपास सारखेच. दोन वर्षांनी शस्त्रक्रिया स्पष्ट पुढे. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतही वर्षभराने इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या बरोबरीला आलं नाही, गुंतागुंत मात्र इंजेक्शनवाल्यांमध्ये कमी होती.

माझं मत विचाराल तर असं: पहिला सांधा, तळहातात एक ठसठशीत दोरी, वय सत्तरच्या पुढे किंवा हृदयाचा त्रास, आणि महिनाभर हात अडकवून बसणं परवडत नाही, अशा माणसाला इंजेक्शन शोभतं. पंचेचाळिशीचा माणूस, मधला सांधा साठ अंशांनी वाकलेला, वडिलांनाही हाच आजार, अशा वेळी इंजेक्शनच्या मोहात पडण्याआधी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनशी नीट बोला. काही दवाखान्यांत जे उपलब्ध असतं तेच सुचवलं जातं, म्हणून "तुम्ही तिन्ही करता का?" हा प्रश्न विचारायला लाजू नका.

वेळ घेण्याआधीची कागदपत्रं

औषधाची किंमत हजारो डॉलरमध्ये जाते. विम्याची पूर्वपरवानगी हातात आल्याशिवाय तारीख पक्की करू नका. दवाखान्याच्या बिलिंगच्या माणसाशी बोलताना तीन कोड जवळ ठेवा: औषधासाठी जे ०७७५, टोचण्यासाठी २०५२७, आणि दुसऱ्या भेटीत बोट सरळ करण्यासाठी २६३४१. तिन्हींना मंजुरी आहे ना, हे विचारा. पुष्कळदा पहिल्या दोहोंची मिळते आणि तिसऱ्याचं बिल घरी येतं. बाटलीत ०.९ मिलिग्रॅम औषध असतं, टोचतात ०.५८. उरलेलं टाकून द्यावं लागतं, पण बिल सहसा पूर्ण बाटलीचं येतं. यात कुणी फसवत नाही, पद्धतच तशी आहे. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वयस्कांसाठीचा सरकारी विमा, असेल तर हे त्याच्या पार्ट बी या भागात बसतं, आणि पुरवणी विमा नसेल तर वीस टक्के खिशातून जातात.

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना इथे हे करून घेण्याचा विचार असेल तर जरा थांबा. व्हिजिटर इन्शुरन्स जुन्या आजाराला सहसा पैसे देत नाही, आणि हे बोट काही विमानात वाकलेलं नसतं. शिवाय रात्रीचं स्प्लिंट चार महिन्यांपर्यंत लागतं. परतीचं तिकीट त्याच्या आत असेल तर मधेच घडी विस्कटते. अशांना पुण्या-मुंबईत एखाद्या हाताच्या किंवा प्लास्टिक सर्जनकडून सुईचा उपचार किंवा शस्त्रक्रिया करून घेणं जास्त शहाणपणाचं, असं मी स्पष्ट सांगते.

औषधांची यादी घेऊन जा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सर्जनला आणि त्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरला, दोघांनाही विचारा; स्वतःहून बंद करू नका. हृदयासाठीची कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन, म्हणजे रोज १५० मिलिग्रॅमपर्यंत, बहुधा चालते. डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिक गेल्या दोन आठवड्यांत घेतली असेल तर नक्की सांगा, ती या एन्झाइमच्या आड येऊ शकते. ही गोष्ट पेशंट हमखास विसरतात, कारण ती गोळी दातांसाठी किंवा त्वचेसाठी दुसऱ्याच डॉक्टरने दिलेली असते. पूर्वी हेच इंजेक्शन घेऊन अंगावर पित्त उठलं असेल तर तेही.

तारीख ठरवताना दोन्ही भेटी एकदम ठरवा. मंगळवारी टोचलं तर बुधवार ते शुक्रवारमध्ये दुसरी भेट हवी. त्या आठवड्यात विमानप्रवास, गणपतीची सजावट, घर हलवणं, काहीही ठेवू नका. दोन्ही दिवस गाडी चालवायला दुसरं कुणीतरी हवं.

इंजेक्शनचा दिवस

अंगठी घरीच काढून ठेवा. त्याच हातातल्या, शेजारच्या बोटातलीसुद्धा. हात सुजल्यावर ती निघत नाही आणि मग कापावी लागते. लग्नाची अंगठी कापताना माणसं जेवढी हळवी होतात तेवढी इंजेक्शनच्या कळीनेही होत नाहीत. बाही सैल असू द्या. नाश्ता करून जा, उपाशी पोटी चक्कर येते.

औषध थंड कपाटातून काढून पंधरा मिनिटं ते तासभर बाहेर ठेवतात, मग पावडरमध्ये दिलेलं पाणी मिसळतात. प्रत्यक्षात टोचायचं असतं पाव मिलिलिटर, मधल्या सांध्यासाठी त्याहून थोडं कमी. इन्सुलिनच्या सुईएवढी बारीक सुई. सर्जन एका हाताने बोट ताणून दोरी ताठ करतात, सुई दोरीच्या पोटात घालतात आणि एक तृतीयांश औषध सोडतात. मग सुईची दिशा किंचित बदलून आणखी दोन ठिकाणी. सुई घुसवल्यावर बोटाचं टोक हलवून बघतात. बोटाबरोबर सुई हलली तर ती स्नायूबंधात शिरली आहे, मग बाहेर काढून परत. म्हणूनच टोचण्याआधी बधिर करत नाहीत: बोटात झिणझिण्या आल्या तर सुई नर्व्हजवळ आहे हे पेशंटलाच कळावं लागतं. तसं झालं तर तोंड मिटून सोसू नका, लगेच सांगा.

दुखतं का? हो. तळहात मुळातच फार संवेदनशील आणि औषध जातं तेव्हा जळजळ होते. पण अर्ध्या-एक मिनिटात संपतं. एका भेटीत एकाच हातातले दोन सांधे करता येतात. दोन्ही हात मात्र एकदम करू नयेत. नंतर जाड बँडेज बांधतात आणि थोडा वेळ बसवून ठेवतात, कारण क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी उद्भवू शकते.

त्या रात्री

हात हृदयाच्या वर ठेवा. झोपेपर्यंत उशांवर. बोटं वळवू नका, पिशवी उचलू नका, बँडेज सोडून "बघू या किती सरळ झालं" म्हणून बोट मागे तर मुळीच ताणू नका. एन्झाइम आत काम करत असतं. आपल्या हाताने दोरी तोडायला गेलात तर औषध बाजूला पसरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात बघून घरचे घाबरतात. मनगटापर्यंत सूज, तळहात काळानिळा, कधी कातडीखाली रक्ताचा फुगा. चाचण्यांमध्ये दहातल्या सुमारे सात जणांना सूज आली होती आणि जवळजवळ तितक्याच जणांचं रक्त साकळलं होतं. काखेत किंवा कोपराच्या आतल्या बाजूला गाठ दुखते, खाज सुटते. हे सगळं अपेक्षित आहे आणि आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतं. अपेक्षित नाही ते असं: श्वास घ्यायला त्रास, ओठ-चेहरा सुजणं, छातीत आवळल्यासारखं वाटणं. अशा वेळी ताबडतोब ९११. ताप आणि हातात वाढत जाणारी लाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

दुसरी भेट

२४ ते ७२ तासांमध्ये, आणि आता आधी बधिर करतात. हात नीट बधिर होईपर्यंत सर्जनला घाई करू देऊ नका. मग मनगट आतल्या बाजूला वाकवून स्नायूबंध सैल करतात आणि बोट हळूहळू सरळ दिशेने दाबत नेतात, दहा ते वीस सेकंद. पहिल्यांदा नाही जमलं तर पाच-दहा मिनिटं थांबून परत, जास्तीत जास्त तीनदा. दोरी तुटते तेव्हा कोरडी काडी मोडावी तसा आवाज येतो. शेजारी बसलेल्या बायकोला तो ऐकू जातो, पेशंटला बधिरपणामुळे फक्त सुटल्यासारखं वाटतं.

इथे कातडी फाटू शकते. वर्षानुवर्षं वाकलेल्या बोटाची कातडीही आखूड झालेली असते, आणि बोट एकदम उघडलं की तळहातावर आडवी चीर पडते. एका सांध्याला औषध दिलं तर सुमारे दहात एकाला, दोन सांधे एकदम केले तर साधारण पाचात एकाला. दिसायला भयंकर, पण ती बहुधा टाके न घालता, मलमपट्टीने दोन-तीन आठवड्यांत भरते. भरेपर्यंत कणीक मळणं, भांडी घासणं बंद. मधुमेह असेल तर या काळात साखर काटेकोर ठेवा, चीर भरायला तिचाच अडथळा होतो.

तीन प्रयत्नांनंतरही दोरी तुटली नाही तर महिनाभराने परत इंजेक्शन घेता येतं. एका दोरीसाठी जास्तीत जास्त तीन इंजेक्शनं, दोनमध्ये निदान तीस दिवसांचं अंतर.

स्प्लिंट आणि व्यायाम

बोट सरळ झालं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी स्प्लिंट बनवून घ्या. तयार मिळणारं, खांबासारखं ताठ स्प्लिंट घेऊ नका. आम्ही प्लास्टिकचा एक पांढरा पत्रा गरम पाण्याच्या पसरट भांड्यात टाकतो. मिनिटभरात तो चामड्यासारखा मऊ पडतो. पुसून, हाताला सोसेल इतपत निवू देऊन तो पालथ्या हाताच्या बाजूने किंवा तळव्याच्या बाजूने, चीर कुठे आहे ते बघून, बोटावर बसवतो. दोन-तीन मिनिटं तसाच धरून ठेवावा लागतो. बोट त्या दिवशी जेवढं आरामात सरळ होतं तेवढंच धरायचं, ओढून नाही. गार झाला की कडक होतो. मग कडा वळवायच्या, वेल्क्रोच्या पट्ट्या लावायच्या. सूज उतरली की तो सैल होतो, म्हणून आठ-दहा दिवसांनी परत गरम करून बसवून घ्यायला या. यासाठी बहुतेक थेरपिस्ट वेगळे पैसे लावत नाहीत, तरी विचारून घ्या.

हे स्प्लिंट झोपताना लावायचं, चार महिन्यांपर्यंत. दिवसा नाही. दिवसा बोट चालू राहिलं पाहिजे, नाहीतर सरळ झालेलं बोट आता मिटेनासं होतं आणि ती दुसरीच डोकेदुखी. सकाळी उठल्यावर बोटाचं टोक निळं किंवा बधिर वाटलं, किंवा हाडावर लाल डाग अर्ध्या तासानेही गेला नाही, तर स्प्लिंट घट्ट आहे. फेकून देऊ नका, दुरुस्त करून घ्या.

व्यायाम दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी पाच मिनिटं. टेबलावर तळवा सपाट ठेवून एकेक बोट वर उचलणं. बोटांची टोकं तळहाताच्या वरच्या घडीला लागतील अशी अर्धी मूठ, मग पूर्ण मूठ. बोटं फाकवणं आणि जुळवणं. शेवटी दुसऱ्या हाताने ते बोट सावकाश सरळ करून दहा सेकंद धरणं. हार्मोनियम वाजवणाऱ्यांना मी पेटीवर लवकर बसवते, कारण प्रत्येक बोट सुटं सुटं चालवायला त्याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही. तबलेवाल्यांनी मात्र चीर भरेपर्यंत आणि सूज जाईपर्यंत कळ काढावी. रबरी चेंडू दाबायला देतात ते नको. त्याने बोट वाकवायची ताकद वाढते, आपल्याला उघडायचं आहे. जिममधलं वजन, खोदकाम, बर्फ उपसणं हे सर्जनने परवानगी दिल्यावर.

तिसऱ्या आठवड्यात माणसं स्प्लिंट सोडून देतात. बोट सरळ आहे, दुखत नाही, झोप मोडते, मग कशाला? पण दोरी तुटली तरी तिचे तुकडे आतच असतात आणि जखम भरताना नवं कोलॅजन आकसत येतं. ते रात्री, बोट वळवून झोपल्यावर, आपलं काम करतं.

या काळात एक गोष्ट लक्षात ठेवा: बोट सरळ होतंय, पण आता स्वतःच्या ताकदीने मिटत नाही, टोक अजिबात वाकत नाही, तर ते सूज म्हणून सोडून देऊ नका. स्नायूबंध तुटल्याची ती खूण असू शकते. २००९च्या त्या मोठ्या चाचणीतही दोघांचा स्नायूबंध तुटला होता. त्याच दिवशी सर्जनला दाखवा. हात अवाजवी दुखतोय, जळतोय, नुसत्या चादरीचा स्पर्श सोसत नाही, घाम फुटतोय, हेही तसंच थांबायचं नाही.

परत वाकलं तर

वाकतं. हे आधीच सांगितलं तर नंतर कुणाला फसवणूक वाटत नाही. इंजेक्शनने सरळ झालेल्या सांध्यांचा पाच वर्षं मागोवा घेतला तेव्हा ४७ टक्के सांध्यांत वाकणं वीस अंशांहून जास्त परत आलं होतं: पहिल्या सांध्यात ३९, मधल्या सांध्यात ६६ टक्के. परत आलं म्हणजे प्रत्येकालाच परत उपचार लागतो असं नाही; कित्येकांना ते वीस अंश जाणवतही नाहीत. आजार लवकर वयात सुरू झाला, घराण्यात आहे, बोटांच्या सांध्यांवर मागच्या बाजूला जाड गाठी आहेत किंवा पायाच्या तळव्यातही तशीच गाठ आहे, अशांना परत येण्याचा धोका जास्त.

म्हणून स्प्लिंट सुटल्यावरही टेबलावरचा तो फोटो चालू ठेवा, वर्षातून दोनदा पुरे. परत वाकलं तर इंजेक्शन पुन्हा घेता येतं, सुई किंवा शस्त्रक्रियेचा रस्ताही बंद झालेला नसतो. दुसऱ्यांदा घेताना मात्र अ‍ॅलर्जीची विचारपूस जास्त काटेकोर करून घ्या. पहिल्या इंजेक्शननंतर शरीरात या एन्झाइमविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) जवळजवळ सगळ्यांनाच तयार होतात, त्यामुळे टोचून झाल्यावर दवाखान्यात बसायला सांगितलेली वीस-तीस मिनिटं खरंच बसून काढा, आणि पार्किंगचं मीटर आधीच तेवढं भरून ठेवा.